मडकं निवेपर्यंत

या, बसा. मागं भिंतीला टेकलेत तेही जरा पुढं सरका. आख्यान लावायच्या आधी बुवा पाण्याचा एक घोट घेतात ना, तेवढाच वेळ मी घेतो. गोष्ट मोठी नाही. सायखेड्याच्या एका कुंभाराची आहे, एका म्हातारीची आहे, आणि चहा पिऊन आपण जे बिनदिक्कत फेकून देतो त्या मातीच्या कपांची आहे. पण ऐकायची तर शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यातून उठणाऱ्याला प्रसाद मिळतो, कथा मिळत नाही.

सोमनाथ कुंभाराचं घर घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्याला. पुढं अंगण, अंगणात विजेचं चाक, मागं भांडी भाजायचा आवा लावायची काळी पडलेली जागा, आणि त्याच्या पलीकडं गोदामाय. आज्या-पणज्यापासून या घराची माती एकाच ठिकाणची, भागीबाईच्या नदीकाठच्या मळईतली. दरसाल पुराचं पाणी ओसरलं की मळईवर लोण्यासारखा पोयटा बसायचा. कुंभारानं खोऱ्यानं ओढून न्यायचा, कुणाला विचारायचं नाही. कागद नाही, करार नाही. एक मान तेवढा होता : संक्रांतीच्या आव्यातली पहिली पाच सुगडं भागीबाईच्या घरी जायची, तिच्या सुनेच्या हाती. भागीबाई एकेक सुगड कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवायची. "बोलतंय," म्हणायची, मग सुनेला द्यायची.

दिवाळीच्या सुमाराला नाशकातून ललित आला. इंदिरानगरात त्यानं चहाचं दुकान टाकलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मातीचा एक कप त्यानं सोमनाथच्या हातात ठेवला.

"सोमनाथभाऊ, अस्सा कुल्हड पाहिजे. आठवड्याला दोन हजार."

सोमनाथनं पहिल्या खेपेला केले ते त्याला पसंत पडले नाहीत. "जाड झाले हो. अन् ओठाला खरखर लागते. गिऱ्हाईक नाक मुरडतं."

मग सोमनाथनं मातीतली राख बंद केली. लीद बंद केली. बायकोच्या, सविताच्या, जुन्या लुगड्यातून माती गाळून घेतली, तेव्हा कुठं कप गुळगुळीत उतरले. चाकावर मातीचा एकच मोठा गोळा ठेवायचा, त्याच्या शेंड्यातून एक कप ओढायचा, दोऱ्यानं कापायचा, फळीवर ठेवायचा, की लगेच दुसरा. दिवसाकाठी तीनशे. अंगठ्याचं नख झिजून निम्मं राहिलं. संध्याकाळी उठताना कंबर आधी वाकडी व्हायची, मग सरळ. पण बाजारात माठ घेऊन दिवसभर ऊन खात बसायचं आणि सहातले पाच परत आणायचे, ते तर थांबलं होतं. सविता म्हणायची, "दुखू द्या कंबर. घेणारा दारात येतोय, हे या घरानं कधी पाहिलं होतं?"

सोमनाथच्या आईचं, सगुणाबाईचं, मात्र या कपांशी जमलं नाही. तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता, पण हात शाबूत होते. ती कुल्हड म्हणायची नाही, बोळकं म्हणायची.

"सोम्या, एवढं नटवतो कशाला रे बोळक्याला? घोटभर चहा प्यायचा अन् फेकायचं. भांडं कसं, घरात नांदाया पाहिजे."

"तुझी नांदणारी भांडी न्यायला कोण येऊ राहिलं आई? फ्रीज आलेत घरोघर."

"फ्रीज वाजवून घेत्यात का?"

"घेत्यात ना. हप्त्याचा फोन वाजतो," सविता म्हणाली. आणि सगुणाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

भागीबाई रोज संध्याकाळी हरिपाठाला जाताना या अंगणात टेकायची. सत्तरी पार, अंगानं काटकुळी, पण चालणं असं की चपलेचा आवाज आधी यायचा. सविता तिला वाकड्यातिकड्या निघालेल्या कपात चहा द्यायची.

पहिल्या दिवशी चहा संपवून तिनं विचारलं, "आता हे?"

"द्या फेकून त्या ढिगावर."

"फेकू? माझ्या मळईची माती हाय ती!" तिनं कप विसळला आणि पदराच्या शेवात बांधला. मग रोजचंच झालं ते.

"आक्का, घरी दुकान मांडताय का काय?" सविता विचारायची.

"मांडते ना. तुझ्या सासूला बसवते गल्ल्यावर. दिसत नाय तिला, उधारीवाल्याची ओळखच लागायची नाय."

पण संक्रांतीला घोळ झाला. ललितला त्याच आठवड्यात जास्तीचे कप हवे होते. सोमनाथ सुगडं घडवायचं आज-उद्या करत राहिला, आणि भोगीचा दिवस दारात आला तेव्हा घरात एक सुगड नव्हतं. कुंभाराच्या घरी सुगडं विकत आली. नाशकाच्या बाजारातून, साच्यातली, गुलाबी रंग मारलेली. सविता पाच सुगडं टोपलीत घालून, वर रुमाल टाकून गेली. सोमनाथ बरोबर गेला नाही. त्याला चाकाचं काम होतं, असं तो म्हणाला.

सविता परत आली, रिकामी टोपली खाली ठेवली. विचारल्यावर म्हणाली, "वाजवून पाहिलं आक्कांनी. म्हणाल्या, ही माती माझी नाय. पण घेतली. सुनेला म्हणाल्या, ठेव देवापुढं, बिचाऱ्यांना काम लय हाय."

ते "बिचाऱ्यांना" सोमनाथला चार दिवस टोचत राहिलं.

पाचव्या दिवशी भागीबाई नेहमीसारखी चहाला आली. कप विसळून पदरात बांधला. उठताना तेवढं म्हणाली, "सोमनाथ, सुगडांचं जाऊ दे. माझ्या वेळंचं मडकं तेवढं तुझ्या हातचं असू दे बाबा. गुलाबी नको."

"काहीतरीच बोलता आक्का!"

"काहीतरीच काय? तुझ्या बापानं माझ्या सासूला दिलं, सासऱ्याला दिलं, मालकांना दिलं. मीच काय घोडं मारलं?" आणि चपला वाजवत गेली हरिपाठाला.

सगुणाबाईनं ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आपली माती वेगळी मळून घेतली. राख घातली, लीद घातली, आणि लाकडी थापी नि दगडी गुंडा घेऊन चाचपडत, थापटत एक मडकं उभं केलं. शेवटचा हात सोमनाथनं लावला, गळा त्यानं ओढला.

"आवा बिनमडक्याचा लावू नये," ती म्हणाली. "कुंभाराच्या दारी कोण कधी येईल, त्याचा नेम नसतो."

"चाळीस कपांची जागा खातंय आई ते."

"खाऊ दे."

माघातली थंडी होती. आणि निफाडकडची थंडी म्हणजे काय ते ज्यानं भोगली त्यालाच ठाऊक. पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवायचे लोक, घडांना गारठा लागू नये म्हणून. अशा थंडीत सोमवारी दिवस उगवायला सोमनाथनं आवा पेटवला. गुरुवारी ललितचं दुसरं दुकान उघडायचं होतं, बुधवारी दुपारी त्याची गाडी यायची होती. "भाऊ, यावेळी दगा नको," तो फोनवर म्हणाला होता. "नाही जमलं तर आत्ताच सांगा. मग मी बाहेरून कायमचाच माल बांधून घेतो."

आव्याची रीत अशी की मोठं भांडं पोटात आणि बारकी भोवतीनं. म्हणून आईचं मडकं बरोबर मधोमध गेलं, आणि त्याच्या भोवती थरावर थर दोन हजार कप. खाली गोवऱ्या, मधे तुराट्या, द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या, वर पाचट आणि चिखलाचा लेप. दिवसभर आवा धुमसला. रात्रीपर्यंत जाळ बसला. आता काही करायचं नव्हतं, हात लावायचा नव्हता. बुधवारी दुपारपर्यंत राखेखाली त्यानं आपलं आपण निवायचं. निवायच्या आधी आवा उघडला की गार वारा भांड्याला लागतो आणि भांडं तडकतं, हे कुंभाराच्या पोराला बोलायच्या आधी कळतं.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला सोमनाथ अंगणात फळ्या पुसत होता. समोर रस्त्यावर दीपक उभा दिसला. भागीबाईचा मुलगा. डोक्याला पंचा गुंडाळलेला, पायात काही नाही. एरवी तो सरळ अंगणात मोटरसायकल घालायचा. आज फाटकाबाहेर थांबला होता, आत पाऊल टाकत नव्हता.

सोमनाथच्या हातातला फडका थांबला.

त्या कामाला आलेला माणूस कुंभाराच्या उंबऱ्यात येत नाही. नाव घेऊन हाक मारत नाही, मोल विचारत नाही, आणि जाताना "येतो" म्हणत नाही. दीपक शिकलेला, शहरात नोकरी करून परत आलेला माणूस. पण त्यालाही ते बरोबर ठाऊक होतं.

"कुंभारदादा," तो म्हणाला, "भांडं पाहिजे."

"कधी?"

"पहाटं. बागंत शेकोट्या लावून आलो, चहा ठेव म्हणावं म्हणून हाक मारली, तर..." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं.

सोमनाथ आत गेला. कुठं जातोय हे त्याला ठाऊक नव्हतं. पडवी पाहिली, माळा पाहिला. उतरंडीची जागा पाहिली, तिथं कपांच्या रिकाम्या पेट्या होत्या. घरात एक मडकं होतं, पिण्याच्या पाण्याचं. ते वापरातलं, चालत नाही. कोरं पाहिजे. कुंभाराच्या घरात कोरं मडकं नव्हतं. तो परत अंगणात आला आणि नुसता उभा राहिला.

दीपकनं त्याच्याकडं पाहिलं, अंगणातल्या फुटक्या कपांच्या ढिगाकडं पाहिलं. त्याला समजलं. तो फार हळू, फार चांगुलपणानं बोलला.

"नसंल तर राहू द्या, दादा. चांदोरीहून गाडीवर आणतो. वीस मिन्टाचं काम हाय."

शिवी दिली असती तर बरं, असं सोमनाथला झालं.

"थांब," तो म्हणाला. "हाय. आव्यात हाय."

सविता घरातून बाहेर आली होती. ती त्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, आवा अजून लालेलाल असंल पोटात. उद्या गाडी यायची. दीपकभाऊ स्वतःहून म्हणू राहिले चांदोरीहून आणतो. आणू द्या. कुणी नावं ठेवायचं नाय."

"कुणी नाय ठेवायचं," सोमनाथ म्हणाला.

सगुणाबाई ओट्यावर बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर सोमनाथला तिच्याशी भांडता आलं असतं, आणि भांडणात वेळ गेला असता, आणि तेवढ्यात दीपक चांदोरीला निघून गेला असता. म्हातारी नुसती गुंडा हातात घेऊन बसून राहिली.

सोमनाथ आव्याजवळ गेला. उलटा हात लेपावर धरला. मग मागं ओढला. गार वारा नदीवरून सरळ येत होता. आठवड्याभराचं काम तिथं खाली होतं, आणि ललितचा शब्द, आणि सविताची ती पहिल्यांदाच आलेली निवांत झोप. आणि मधोमध एक मडकं, चाळीस कपांची जागा खाल्लेलं.

त्यानं खोरं उचललं.

मागून काहीतरी धप्पकन पडलं. सवितानं गोणपाटाची चवड आणून टाकली होती. वाऱ्याच्या बाजूला ती स्वतः एक जाड पासोडी धरून उभी राहिली, दोन्ही हात ताणून. "करा लवकर," म्हणाली. "तेवढाच वारा अडंल."

लेप फुटला आणि आतून ऊब नव्हे, आगच अंगावर आली. सोमनाथच्या भुवया करपल्या. त्यानं तोंडाला उपरणं बांधलं, वरचा थर खोऱ्यानं ओढला, आणि मग ते सुरू झालं.

टिक्.

थोड्या वेळानं, टिक् टिक्.

मग इथून, तिथून, खालून. हरिपाठ सुरू व्हायच्या आधी माणसं टाळ जुळवून पाहतात तसे बारीक, स्वच्छ आवाज. एकेका आवाजाला एकेक कप. पासोडी धरून उभी असलेली सविता ओठ हलवत होती. ती मोजत होती की देवाचं नाव घेत होती, ते सोमनाथनं विचारलं नाही. त्यानं थर ओढत आणले, हात गोणपाटात गुंडाळले, आणि राखेत कोपरापर्यंत हात घालून मडकं उचललं.

मडकं तडकलं नव्हतं. राख आणि लीद खाल्लेली माती ती, तिला सोसायची सवय होती. गुळगुळीत कप मात्र टिकटिकत राहिले.

त्यानं घमेल्यात ऊन राख घेतली, त्यात मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि घमेलं डोक्यावर घेतलं. दीपक फाटकाशी आला, हात पुढं केले.

"तुला नाय सोसायचं," सोमनाथ म्हणाला. "चल पुढं."

कुंभार कधी मडकं पोचवायला जात नाही. लोक नेतात. पण त्या सकाळी सायखेड्यानं पाहिलं, सोमनाथ कुंभार घमेलं डोक्यावर घेऊन वेशीकडून चालला होता, राखेची धूळ त्याच्या खांद्यांवर पडत होती, आणि दीपक अनवाणी पुढं.

भागीबाईच्या दारात माणसं जमली होती. तिरडी बांधून झाली होती. भजनी मंडळी ओट्याला टेकून बसली होती. जमलेल्यांतल्या एकानं पाण्याची कळशी आणली. सोमनाथ जोरात म्हणाला, "पाणी घालू नका! निवू द्या. लगेच घातलं तर फुटंल."

"किती वेळ?" भाऊबंदांतल्या एकानं विचारलं. "ऊन चढू राहिलं. पाहुणे मनमाडहून पोचले सुदीक."

"निवेपर्यंत," सोमनाथ म्हणाला. आणखी काय सांगणार?

कुरकुर झाली. कुणीतरी म्हणालंही, चांदोरी काय लांब होती का. तेव्हा भजनी मंडळातले बहिरूबाबा काठी टेकून उठले. भागीबाईच्या बरोबरीचे, तिच्यासारखेच हरिपाठाचे. त्यांनी घमेल्यात वाकून पाहिलं.

"कुणाच्या मळईची माती?"

"त्यांच्याच," सोमनाथ म्हणाला.

बहिरूबाबा खाली बसले. "मग थांबा की रे," ते म्हणाले. "म्हातारी कुठं पळून चाललीय? धरा टाळ."

आणि सगळं गाव एका मडक्यासाठी थांबलं. टाळ वाजत राहिले. सोमनाथ ओट्याच्या पायरीवर बसला, राखेतून मडकं हळूहळू मोकळं करत, मग मांडीवर घेऊन. आधी गोणपाटातूनही चटके बसत होते. मग गोणपाट काढता आलं. मग उघडा तळवा क्षणभर ठेवता आला. मग ठेवूनच देता आला. भागीबाईची सून आशा एकदा बाहेर येऊन पाहून गेली. सोमनाथ मान वर करत नव्हता. अंगात ताप असलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवून बसावं तसा बसला होता. शेवटी मडकं माणसाच्या अंगाइतकंच ऊन राहिलं. मग त्याहून थोडं कमी.

त्यानं ते कानाशी धरलं आणि बोटाच्या पेरानं वाजवलं.

घुमलं.

"बोलतंय," तो म्हणाला, आणि दीपकच्या हाती दिलं. तेव्हा त्याला रडू आलं.

घाटावर तो मागं उभा राहिला. आपल्या हातचं मडकं तिथं काय होतं ते त्यानं आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. दीपकनं पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेतलं. एकेका फेरीला दगडानं एकेक भोक. पाणी उसळून सांडत होतं. तिसऱ्या फेरीनंतर त्यानं ते पाठीमागं टाकलं आणि मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या.

एकदाच भरायचं आणि फोडायचं. सोमनाथला आईचं बोलणं आठवलं, भांडं कसं, घरात नांदाया पाहिजे. हे कुठं नांदलं? एक घटका नाही नांदलं. आणि याच्यासाठी सारं गाव ताटकळलं.

बुधवारी दुपारी ललितची गाडी आली. सोमनाथनं काही लपवलं नाही. आव्याच्या कडेचे तीनेकशे कप वाचले होते, ते भरून ठेवले होते. बाकीचे फुटक्याच्या ढिगावर.

"उद्या काय देऊ लोकांना?" ललितचा आवाज चढला. "पत्रिका वाटल्यात मी. मातीच्या कपातला चहा म्हणून!"

"कागदी द्या."

"एका मडक्यापायी? भाऊ, मडकं तर कुठंही मिळतं!"

"मिळतं."

ललितनं एक कप उचलला, उजेडात फिरवला, परत ठेवला. "कोण होत्या तुमच्या?"

सोमनाथला नातं सांगता येईना. "माती त्यांची होती," तो म्हणाला.

ललित तीनशे कप घेऊन गेला. "बघू पुढचं," म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. सविताला पहाटे लवकर जाग येऊ लागली ते सोमनाथला कळत होतं.

तेराव्यानंतर दीपक आला. यावेळी सरळ अंगणात गाडी घातली. मागच्या सीटवर टोपली बांधलेली.

"आईच्या कोनाड्यात निघाले. फेकवंनात," तो म्हणाला. "माती घेऊन जात जा दादा, पहिल्यासारखी. मी हाय."

टोपलीत कप होते. पन्नास-साठ तरी, सगळे वाकडेतिकडे, विसळून ठेवलेले. एकात मेथीचं बी, एकात धने, एकात शेपू, एकात लसणाच्या कुड्या, एकात हरिपाठाला लावायचा बुक्का. चिंधी बांधून प्रत्येकाचं तोंड बंद केलेलं.

सगुणाबाईनं टोपली पुढ्यात ओढली. एकेक कप चाचपला, चिंध्या चाचपल्या, बी बोटांत घेऊन हुंगलं. बराच वेळ.

"सोम्या," ती म्हणाली, "नांदली की रे तुझी बोळकी."

महिन्याभरानं ललितचा फोन आला. पहिल्याच्या निम्मे पाठवा म्हणाला, आणि वेळेवर. सोमनाथनं हो म्हटलं. माती गाळली, चाक लावलं, आणि त्याआधी एक मडकं घडवलं. आता त्याच्या प्रत्येक आव्याच्या पोटात चाळीस कपांची जागा एका मडक्यासाठी धरलेली असते. उघडताना ते आधी निघतं आणि माळ्यावर जातं. कुणाचं, ते त्याला ठाऊक नसतं.

झालं, एवढीच कथा. आता उठा, पण एक मागणं आहे. कधी इंदिरानगरात, कधी कुठल्या रस्त्यावर तुमच्या हातात मातीचा कप आला, तर चहा सावकाश प्या. आणि फेकायच्या आधी तो कानाशी धरा, बोटाच्या पेरानं एकदा वाजवा. बोलला, तर भागीबाईची आठवण काढा. नाही बोलला, तरी काढा.